ब्लिचिंग टाकलं की स्विमिंग पुलाचा चहा होतो: बोअरचं पाणी, लोखंडाचे डाग आणि न हटणारा गढूळपणा

बोअरचं पाणी बादलीत घेतलं तर काचेसारखं. पुलात सोडलं तरी तसंच, तळाच्या टाइल्सचे सांधे मोजून घ्या. संध्याकाळी ब्लिचिंग टाकलं आणि सकाळी बघितलं तर अख्खा पूल कोऱ्या चहाच्या रंगाचा. चार दिवस फिल्टर चालवला की रंग उतरतो, पण पायऱ्यांवर, सांध्यांत आणि पाणी आत येतं त्या नोझलच्या भोवती तपकिरी पट्टे बसलेले असतात. ॲसिडने घासून काढावेत तर पंधरा-वीस दिवसांत पुन्हा हजर.

गुहागरच्या बाजूला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. पूल 10 मीटर बाय 5 मीटर, सरासरी खोली 1.2 मीटर, म्हणजे 60,000 लिटर पाणी. पहिले दोन उन्हाळे मी हेच चक्र फिरवत बसलो होतो. पूल बांधणाऱ्याने सांगितलं, ‘शॉक द्या.’ शॉक दिला, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन टाकलं, की रंग आणखी गडद. दुसऱ्याने एक बाटली दिली, डाग जाईल म्हणाला. गेला, आणि आठवड्याने आला. आता तिसऱ्या वर्षी पाणी स्वच्छ आहे, म्हणून कुठे चुकत होतं ते लिहितोय. कोकणात जांभ्यावर बोअर मारून पूल भरणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच आहे.

गंमत म्हणजे उत्तर घरातच होतं. आई बोअरच्या पाण्याचा चहा कधी करत नाही, काळा पडतो म्हणते. चहातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोखंड एकत्र आलं की शाईच तयार होते. हिरडा आणि हिराकस उकळून करायचे ती जुनी शाई हीच. पूल भरताना मला काही हे आठवलं नाही.

नेमकं होतं काय

जमिनीत खोल, जिथे हवा पोचत नाही, तिथलं लोखंड पाण्यात विरघळलेलं असतं. त्याला रंग नसतो, म्हणून पाणी स्वच्छ दिसतं. वर आल्यावर हवा लागली, किंवा क्लोरीन लागलं, की ते गंजतं आणि त्याचे बारीक तांबूस कण होतात. सकाळचा चहा तो हा. क्लोरीन हे काम मिनिटांत करतं, हवा सावकाश करते. बाकीचं पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून: पीएच चढला की कण पटकन तयार होतात आणि जिथे खरबरीत जागा मिळेल तिथे चिकटतात. टाइल्सच्या सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट त्यांना फार आवडतं.

उघड्या विहिरीच्या पाण्यात हा त्रास सहसा कमी, कारण तिथे पाण्याला आधीच हवा लागलेली असते आणि लोखंड विहिरीतच खाली बसतं. आमची विहीर चांगली आहे, पण एप्रिल संपताना तळ दाखवते, आणि पाहुणे मे महिन्यातच येतात.

आधी बादली, मग बाजार

काहीही विकत आणण्याआधी दोन पांढऱ्या बादल्या घ्या. एकीत थेट बोअरचं पाणी, दुसरीत पुलाचं. दोन्हीत चमचाभर लिक्विड क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट) टाकून ढवळा आणि अर्धा तास ठेवा. पिवळट-तांबूस झालं तर लोखंड. काळपट-तपकिरी झालं तर मँगनीज. काहीच झालं नाही तर धातूचा नाद सोडा, तुमचं दुखणं वेगळं आहे. ज्या बादलीत तांबूस झालं तिच्यात व्हिटॅमिन सीची एक गोळी कुटून टाका. रंग डोळ्यांदेखत उतरला तर लोखंडाबद्दल शंका उरत नाही.

बोअरच्या टाकीवर किंवा ओहोळात तेलासारखा इंद्रधनुषी तवंग दिसतो, त्यावरूनही अंदाज येतो. काडीने तवंग मोडून बघा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. परत जुळून एक झाला तर खरंच तेल, पंपाचं वंगण बघा.

प्रयोगशाळेत नमुना दिलात तर बोअरचा आणि पुलाचा वेगवेगळा द्या, आणि लोखंडासाठी बाटली त्यांच्याकडूनच घ्या. तिच्यात थोडं ॲसिड घातलेलं असतं, त्यामुळे लोखंड विरघळलेलं राहतं. मी पहिल्यांदा पाण्याची साधी रिकामी बाटली भरून नेली होती. पोचेपर्यंत लोखंड तळाला बसलं, त्यांनी वरचं पाणी तपासलं, आणि अहवाल आला ‘समाधानकारक’. दुसऱ्या वेळी आकडा आला लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास. 0.3 मिलिग्रॅमच्या वर गेलं की धुतलेल्या कपड्यांवर आणि नळ-बेसिनवर डाग पडायला लागतात असं जागतिक आरोग्य संघटनेचं पाण्याविषयीचं मार्गदर्शन सांगतं. पुलाला याहून कमीही पुरतं, कारण इथे पाणी महिनोनमहिने तेच असतं.

पाणी पांढरं गढूळ असेल तर

हे लोखंड नव्हे, आणि इथे बहुतेक वेळा आपणच गुन्हेगार असतो. आपल्याकडचं साधं ब्लिचिंग पावडर म्हणजे तीसेक टक्के क्लोरीन आणि बाकी बराचसा चुना. पावडर थेट पुलात भुरभुरवली की तो चुना पाण्यात तरंगत राहतो, वर पीएच आणि कठीणपणा दोन्ही वाढवतो. पीएच 8 च्या पुढे गेला की पाण्यातला कॅल्शियमसुद्धा बाहेर पडून दुधाळ छटा देतो. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चार थेंब व्हिनेगर टाका. निवळलं तर कॅल्शियम, पीएच उतरवा. निवळलं नाही पण रात्रभरात तळाला गाळ बसला तर धूळमाती. तेही नाही आणि हिरवट झाक असेल तर शेवाळ, त्याला क्लोरीन आणि ब्रशच पाहिजे. एक खूण लक्षात ठेवा: हिरवं पण आरपार दिसणारं पाणी धातूचं, हिरवं आणि गढूळ पाणी शेवाळाचं.

ब्लिचिंग वापरायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि सकाळी फक्त वरची निवळी पुलात ओता. पुलासाठी मी आता लिक्विड क्लोरीनवर आलोय. टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळून क्लोरीन देणाऱ्या गोळ्या सोयीच्या आहेत, पण प्रत्येक गोळीबरोबर सायन्युरिक ॲसिड साठत जातं, आणि ते जास्त झालं की क्लोरीन असूनही काम करत नाही. शिवाय टीसीसीए आणि ब्लिचिंग पावडर एका डब्यात, एका मापात, ओल्या हाताने कधीच नाही: आग लागते, स्फोट होतो. ॲसिड आणि ब्लिचिंग यांचंही तेच, तिथे विषारी वायू सुटतो.

पाणी कुठल्याही कारणाने गढूळ असो, तळाची जाळी वरून दिसत नसेल तर पूल बंद. पाहुणे नाराज होतात, होऊ द्यात. तळ न दिसणाऱ्या पाण्यात बुडणारं पोरही दिसत नाही.

डाग कशाचा ते डागालाच विचारा

मोज्यात व्हिटॅमिन सीची पूड भरून डागावर अर्धा मिनिट दाबून धरा. फिका झाला तर लोखंड. नाही झाला तर त्याच जागी टीसीसीएची गोळी चिमट्याने क्षणभर धरा (फक्त टाइल्सवर, लायनर किंवा रंग असेल तिथे नको). आता उतरला तर पानाफुलांचा डाग. दोन्हीला दाद देत नसेल आणि रंग निळसर-हिरवा असेल तर तांबं. तांबं पुलात आपोआप येत नाही. कुणीतरी शेवाळ मारायला मोरचूद टाकलेलं असतं, किंवा गरम पाण्याचा हीटर असेल तर आम्लधर्मी पाण्याने त्याची तांब्याची नळी खाल्लेली असते. आमच्याकडे सुपारीच्या कोळेरोगाला एक टक्क्याचं बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारतात, त्यामुळे मोरचूद प्रत्येक घरी असतं, आणि ‘बागेत चालतं तर पुलात का नाही’ हा विचार प्रत्येकाच्या डोक्यात एकदा तरी येतो. येऊ दे, पण डबा उघडू नका.

चौथा प्रकार मला फार उशिरा कळला. पुलावर झुकलेल्या काजूची आणि जांभळाची पानं तळाला दोन दिवस पडून राहिली की पानाच्याच आकाराचा काळा ठसा उमटायचा. पानाचा डाग समजून मी क्लोरीन देत होतो आणि काही होत नव्हतं. ती पुन्हा आईची शाई! पानातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोखंड. त्यावर व्हिटॅमिन सी चाललं. फांद्या छाटल्या, तेव्हापासून ठसे नाहीत.

डाग काढताना

गंजाच्या डागावर ब्लिच घातलं की तो पक्का होतो आणि लिंबू-मीठ चोळलं की निघतो, हे पांढरी धोतरं धुणाऱ्या पिढीला पाठ होतं. पुलातही तेच करायचं, फक्त लिंबाच्या जागी एस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीचीच पांढरी पूड. केमिकलच्या घाऊक दुकानात किलोवर मिळते. ती गंजाला परत विरघळणाऱ्या, रंगहीन रूपात नेते.

ती टाकण्याआधी क्लोरीन जवळपास शून्यावर यायला हवं, नाहीतर पूड आणि क्लोरीन एकमेकांनाच खाऊन टाकतात. माझी पहिली खरेदी अशीच वाया गेली. दोन-तीन दिवस क्लोरीन न टाकता पूल उन्हात ठेवला की बहुतेक वेळा पुरतं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट मिळतं, फिश टँकवाले क्लोरीन मारायला वापरतात ते. दुकानात मात्र जपून मागा. फोटोवाले त्याला ‘हायपो’ म्हणायचे, आणि पुलवाले सोडियम हायपोक्लोराइटला ‘हायपो’ म्हणतात. एक क्लोरीन घालवतं, दुसरं क्लोरीनच आहे. आमच्या मुलाने एकदा नेमकं उलटं आणलं होतं.

पीएच 7.2 च्या आसपास आणा. 40,000 लिटरला साधारण अर्धा किलो पूड हे माप. आमच्या पुलाला मी 700 ग्रॅम घेतो. पंप चालू ठेवून पूड डागांच्या वरून पसरायची आणि पायऱ्यांवर मऊ ब्रश फिरवायचा. अर्ध्या तासात पायऱ्या पांढऱ्या होताना दिसतात. पहिल्यांदा बघताना चमत्कार वाटतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. डाग गेला म्हणजे लोखंड गेलं नाही, ते परत पाण्यात आलंय. त्याच संध्याकाळी उत्साहाने ब्लिचिंग टाकलंत तर सकाळी पुन्हा चहा.

इथून पुढे दोन वाटा आहेत आणि एकच धरायची. एक, लोखंडाला पाण्यात धरून ठेवायचं. त्यासाठी एचईडीपी असलेलं औषध मिळतं. डाग घालवायच्या बहुतेक बाटल्यांत तेच असतं. ते लोखंडाला पकडून ठेवतं, बाहेर काढत नाही, आणि क्लोरीनने हळूहळू तुटतं, म्हणून दोन-चार आठवड्यांनी पुन्हा घालावं लागतं. बाटलीने डाग गेला आणि आठवड्याने आला, त्याचं कारण हेच. दुसरी वाट, लोखंडाला खाली बसवून उपसून टाकायचं, तुरटीने. मी एकदा दोन्ही एकत्र केलं होतं. एक औषध लोखंडाला सोडत नव्हतं, दुसरं ओढत होतं, आणि पाणी आठवडाभर फिकट तपकिरी राहिलं.

पहिल्या वाटेने जाणार असाल तर एक हिशोब ध्यानात घ्या: उरलेली पूड सुरुवातीचं क्लोरीन गिळते. एक ग्रॅम एस्कॉर्बिक ॲसिड साधारण 0.4 ग्रॅम क्लोरीन खातं. 60,000 लिटरमध्ये 700 ग्रॅम टाकलं तर जवळपास 5 पीपीएम (लिटरला 5 मिलिग्रॅम) क्लोरीन, म्हणजे 10 टक्क्यांचं तीनेक लिटर लिक्विड, कुठे गेलं ते कळतसुद्धा नाही. घाबरून एकदम जास्त ओतू नका. रोज थोडं थोडं द्या, पीएच 7.2 ते 7.4 मध्येच ठेवा, आणि क्लोरीन टिकायला लागेपर्यंत कुणाला पोहायला सोडू नका.

मी दुसऱ्या वाटेचा माणूस. संध्याकाळी क्लोरीन देऊन पाणी मुद्दाम तांबूस करायचं, पीएच साडेसातच्या आत ठेवायचा, आणि घनमीटरला 20 ते 30 ग्रॅम तुरटी (आमच्या पुलाला दीड किलो) बादलीत विरघळवून सगळीकडे शिंपडायची. मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा) ‘रिसर्क्युलेट’वर ठेवून तासभर पाणी फिरवायचं, फिल्टरमधून नव्हे, नाहीतर वाळूचा गोळा होतो. मग पंप बंद करून रात्रभर पाण्याला हात लावायचा नाही. पहाटे तळाला तांबूस साय बसलेली दिसते. ती ‘वेस्ट’वर व्हॅक्यूम मारून थेट बाहेर काढायची, अगदी सावकाश, जसं झोपलेल्या मुलाच्या अंगावरून चादर काढावी. घाईने ढवळलं की सगळं परत वर. यात तीन-चार हजार लिटर पाणी जातं, पण लोखंड कायमचं जातं. तुरटीने पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवायची ताकद, उतरते. 10 पीपीएम वाढवायला आमच्या पुलात एक किलो खाण्याचा सोडा लागतो.

मग परत का येतं?

कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. मे महिन्यात आमच्या पुलातून रोज पाचेक मिलिमीटर पाणी उडतं. 50 चौरस मीटरवर ते झालं 250 लिटर. तेवढंच आम्ही रोज बोअरने भरतो. उडालं ते शुद्ध पाणी, लोखंड मागे राहिलं. भरलं ते लिटरला 2 मिलिग्रॅमवालं. म्हणजे रोज अर्धा ग्रॅम लोखंड आत, बाहेर काहीच नाही. दोन महिन्यांत 30 ग्रॅम, म्हणजे अख्ख्या पुलाला अर्धा मिलिग्रॅम. मी पूल साफ करत होतो आणि दुसऱ्या हाताने रोज घाण करत होतो. नोझलभोवतीच डाग जास्त का, याचंही उत्तर त्यातच होतं, नवं पाणी तिथूनच आत यायचं.

म्हणून आता बोअरचं पाणी थेट पुलात जात नाही. मध्ये 2,000 लिटरची काळी टाकी ठेवली आहे. बोअरची नळी टाकीच्या तोंडाशी उंच बांधून तिला शॉवरचा मोठा झारा लावला, म्हणजे पाणी हवेतून पडतं. टाकी भरली की 25 ग्रॅम ब्लिचिंगची निवळी. एवढ्या लोखंडाला हिशोबाने अडीच-तीन ग्रॅम क्लोरीन पुरतं, पण पाण्यात इतर गोष्टीही असतात, म्हणून हात सैल ठेवतो. त्यानंतर 50 ग्रॅम तुरटी, आणि रात्रभर विश्रांती. पुलाकडे जाणारा नळ टाकीच्या तळापासून वीतभर वर काढलाय, त्यामुळे गाळ मागे राहतो. तळाचा वेगळा नळ आठवड्यातून एकदा सोडला की बाहेर जे येतं ते बघून पोटात गोळा येतो: घट्ट, लाल, गेरूच. आठवड्याला एक टाकी आमच्या भरतीला पुरते. मोठ्या पुलाला लोखंड काढायचा तयार फिल्टर बसवावा. मँगनीज असेल तर ही टाकी भागवणार नाही. ते हवेने आणि साध्या क्लोरीनने फार सावकाश खाली बसतं.

पूर्ण पाणी बदलायचं तर पावसाने. कौलांवरचं पाणी लोखंडमुक्त असतं, आणि 100 चौरस मीटर छपरावर 600 मिलिमीटर पाऊस पडला की 60,000 लिटर होतात. आमच्याकडे एकटा जुलै तेवढं देतो. पहिल्या दोन-चार सरी सोडून द्या, छपराची वर्षभराची धूळ असते ती. पण भर पावसात पूल रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी चढलेलं असतं, आणि रिकामा हौद ते खालून उचलतं, तडे जातात. आम्ही कमरेपर्यंतच उतरवतो, पन्हाळीने भरतो, पुन्हा उतरवतो. पावसाचं पाणी फार मऊ असतं आणि ग्राउट खातं, म्हणून लगेच सोडा घालून अल्कलिनिटी 80 च्या वर आणायची.

ॲसिड वॉश मी पूर्ण बंद केलाय. डाग जातो, पण त्याबरोबर ग्राउटची वरची गुळगुळीत कातडीही जाते, आणि पुढचा डाग त्या खरबरीत जागी दुप्पट वेगाने बसतो. दोन वर्षं तेच करून आमचे सांधे आता सॅंडपेपरसारखे झालेत.

एक डाग मात्र अजून आहे, शिडीच्या खाली, रुपयाएवढा. व्हिटॅमिन सीने जातो आणि महिन्यात त्याच जागी, तेवढाच, परत येतो. पाण्यातल्या लोखंडाचा डाग पसरट असतो; असा एकाच ठिपक्यात येणारा आतून येतो. सिमेंटमधली सळई उघडी पडली असेल, नाहीतर शिडीचा कुठला तरी स्क्रू हलक्या स्टीलचा असेल. स्क्रू बदलून झाले. मे अखेरीस जमिनीतलं पाणी सगळ्यात खाली असतं, तेव्हा पाणी त्या पायरीखाली उतरवून टाइल उचकटणार आहे.